न बसणारी काडतुसं

पेल्की, मिशिगन
३ सप्टेंबर १९९१

प्रिय इर्या,

पत्र बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. सैमा बरी आहे आणि गुडघा सोडला तर मीही बरा आहे. फोनच करणार होतो, पण फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात सैमा असते.

तू एकतीस वर्षं त्या कारखान्यात दुरुस्तीच्या टेबलावर होतीस, म्हणून तुला विचारतो. माझं तिथलंच, झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्यांपासून पुन्हा काडतुसं भरायचं यंत्र मे महिन्यात मोडलं. दांडी खाली ओढली की दट्ट्या वर जातो ना, त्या दोघांना जोडणारी पट्टी मधोमध तडकली. शेजारच्या उर्होकडून मी ती पितळेनं झाळून घेतली. वरून छान दिसते. पण तेव्हापासून भरलेली काडतुसं माझ्याच रायफलीत बसत नाहीत. म्हणजे काही बसतात, काही नाही. काडतूस आत ढकलणारा बोल्ट निम्म्यावर येऊन अडतो. जोर लावायची मला भीती वाटते.

लेनर्डचं तुला माहीत आहेच. तीन वर्षांपूर्वी आमच्या शिकारीच्या कॅम्पवर मी भरलेलं एक काडतूस त्याच्या रायफलीत नुसतं फुस्स झालं आणि गोळी नळीत अडकली. त्यात दारू घालायचीच राहिली होती. त्यानं न बघता दुसरं झाडलं असतं तर आज मला मुलगा नसता. तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुमचे हात थरथरतात. आता हे सोडा." मी म्हणालो, "मग दुकानातली काडतुसं घे आणि दुसरा कॅम्प बघ." त्यानं दोन्ही केलं. आता तो राहतो त्या एस्कनाबाहून रविवारी फोन येतो तो आईसाठी. चुकून मी उचलला तर हवा कशी आहे विचारतो. मी सांगतो.

पंधरा नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू होईल. त्याआधी मला एवढंच कळायला हवं आहे, की बिघडलंय ते यंत्र की मी. यंत्र असेल तर पट्टी पाठव. मी असेन तर तसं स्पष्ट लिही, मी यंत्र उर्होला देऊन टाकतो. पण आधी पट्टी पाठव.

तुझा मामेभाऊ,
आर्मस


लुइस्टन, आयडाहो
१३ सप्टेंबर १९९१

प्रिय आर्मस,

पहिल्याच ओळीत "घाबरू नकोस" लिहून मला घाबरवणारा माणूस जगात एकटा तूच. मी चष्मा शोधेपर्यंत तुम्हा दोघांचं दफन करून मोकळी झाले होते.

बिडाची पट्टी पितळेनं झाळलीस? उर्होला माझा नमस्कार सांग, आणि त्याला म्हणावं की पुढच्या वेळी लोणी लाव, तेवढंच टिकेल आणि निदान चाटता तरी येईल. पट्टी एका अंगाला आखडली असेल तर दट्ट्या तिरका जाणारच. मग काडतुसं काय सरळ होतील?

मी स्वतः कारखान्यात जाऊन आले. माझ्या टेबलावर आता एक नवी पोरगी बसते. तुझं नाव सांगितल्यावर तिनं कपाटातून तुझी जुनी पत्रं काढली. नऊ आहेत. एकात तू विचारलं आहेस, "दांडीवरचा काळा गोळा उन्हात वितळेल का?" ती पोरगी हसून हसून रडली. पट्टी आणि दोन पिना तिनं फुकट दिल्या. यंत्र आमचं आहे तोवर भागही आमचेच, हा कारखान्याचा नियम अजून आहे.

पिना हातोडीनं ठोकू नकोस. तेल लाव, हातानं सरकव, आणि दट्ट्या वर नेऊन चारी बाजूंनी डोकावून बघ.

तू की यंत्र, ते यंत्र नीट झाल्यावर कळेल. तोवर स्वतःला शिक्षा देऊ नकोस. ते काम सैमाचं आहे.

इर्या


पेल्की
२४ सप्टेंबर १९९१

प्रिय इर्या,

पट्टी बसवली. पिना हातानंच सरकवल्या. एक फक्त जरा ठोकली, पण लाकूड मध्ये धरून. दट्ट्या आता लोण्यासारखा वरखाली होतो. उर्होला तुझा निरोप दिला नाही. तो मनाला लावून घेतो.

दहा काडतुसं करून पाहिली. बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी नाही, दारू नाही, नुसती पुंगळी आणि गोळी. चार बसली, सहा बसली नाहीत. झाळलेल्या पट्टीवरही एवढीच बसत होती.

आता माझा दट्ट्यावर संशय आहे. १९५८ पासून तो वर जातोय आणि खाली येतोय, माणूससुद्धा झिजतो. तो पाठव. सोबत पुंगळीचं बूड धरणारी पकडही पाठव, तिची एक कड मला चकचकीत दिसते.

सैमा म्हणते, "त्या यंत्राला जेवढं निरखून बघतोस तेवढं मला लग्नातसुद्धा बघितलं नव्हतंस." मी म्हणालो, लग्नात तू मोडलेली नव्हतीस. मग दोन दिवस मांस-बटाट्याच्या पेस्टीत कांदा नव्हता.

आणखी एक सांगतो, कुणाला बोलू नकोस. ऑगस्टच्या शेवटी उर्होच्या गाडीतून मी कॅम्पवर गेलो होतो, उरलेल्या पुंगळ्यांचा डबा आणायला. तिथं लाकडं रचलेली दिसली, छपरापर्यंत. मला आठवतं ती कमरेएवढी होती. म्हणजे गेल्या वर्षी मीच रचली आणि विसरलो. हात गेलेच आहेत, आता डोकंही चाललं की काय?

आर्मस


लुइस्टन
२ ऑक्टोबर १९९१

प्रिय आर्मस,

दट्ट्या पाठवते आहे, पकडही पाठवते आहे. आणखी दोन पत्रं लिहिलीस की तुझ्याकडे अख्खं नवं यंत्र जमेल आणि जुन्याचा फक्त तो न वितळलेला काळा गोळा उरेल.

पण माझा दट्ट्यावर विश्वास आहे. एकतीस वर्षांत मी झिजलेले दट्ट्ये तीन पाहिले, आणि त्यातले दोन वाळूत पुरलेले होते. यंत्र तिरकं असतं तर तुझी दहाच्या दहा काडतुसं अडली असती. चार गुणी आणि सहा वांड, असं यंत्र करत नाही. तसं पोरं करतात.

म्हणून दोन कामं कर. एक, पुंगळी आवळणारा साचा तू किती खाली बसवतोस ते लिही. दुसरं, त्याच डब्यातल्या दहा रिकाम्या पुंगळ्या मला पाठव. धुवू नकोस, घासू नकोस, आतली वापरलेली टोपीही काढू नकोस. झाडून डब्यात पडल्या तशाच हव्यात. भरलेलं काडतूस टपालात घालू नकोस. ते चालत नाही आणि तू पकडला गेलास तर मी ओळख दाखवणार नाही.

लाकडांचं म्हणशील तर जो माणूस लाकडं रचून विसरतो, त्याची पाठ विसरत नाही. तुझी पाठ दुखली होती का? आठव.

इर्या


पेल्की
१० ऑक्टोबर १९९१

प्रिय इर्या,

पाठीचं काही आठवत नाही. म्हणजे तेही विसरलो.

दट्ट्या बदलला. फरक शून्य. पकड बदलली. फरक शून्य.

साच्याचं विचारलंस. मी तो पूर्ण खाली नेत नाही, एक नाणं मावेल एवढी फट ठेवतो. त्यामुळे पुंगळीची फक्त मान आवळली जाते आणि बाकी अंग रायफलीनं फुगवलेलं असतं तसंच राहतं. बाबांनी शिकवलं तसंच करतो. पुंगळी दमत नाही, पाच वर्षं पुरते, आणि निशाण चांगलं लागतं. यात काही चूक असेल असं वाटत नाही. आहे का?

दहा पुंगळ्या पाठवतो आहे. सगळ्या एकाच छापाच्या आहेत, आम्ही घरी दुसरा छाप घेतच नाही. डबाही तोच, कॅम्पवरच्या शेगडीशेजारचा कॉफीचा डबा. आमच्याकडे झाडलेली पुंगळी कुणी खिशात घालत नाही, डब्यात टाकतो. लेनर्ड सहा वर्षांचा असल्यापासून पळत जाऊन टाकायचा. आता तिथं मी एकटाच झाडतो, म्हणून वेगवेगळ्या करायचा प्रश्न येत नाही. घरातला जुना साठा संपला, म्हणून गेल्या मोसमानंतर आणलेल्या या डब्यातल्या पुंगळ्या यंदा पहिल्यांदाच वापरल्या.

परवा बशीत कॉफी ओतून घेताना टेबलक्लॉथवर सांडली. सैमा म्हणाली, "दर मंगळवारी सांडतोस, चाळीस वर्षं झाली." तिला माझं सांत्वन करायचं होतं असं नंतर लक्षात आलं.

थंडी पडली. पाच आठवडे उरले. लवकर लिही.

आर्मस


लुइस्टन
१८ ऑक्टोबर १९९१

प्रिय आर्मस,

आता नीट बस आणि वाच. घाबरू नकोस. (बघ कसं वाटतं ते.)

तुझं यंत्र ठणठणीत आहे. पहिल्या पट्टीनंतर जे जे पाठवलं ते सगळं वाया गेलं.

दहा पुंगळ्या मोजल्या. चार एका अंगाच्या, सहा दुसऱ्या. त्या सहांचा मानेखालचा खांदा किंचित पुढे आहे, केसाच्या जाडीएवढा. म्हणजे त्या तुझ्या रायफलीत झाडलेल्याच नाहीत. दुसऱ्या, जरा ऐसपैस रायफलीत फुगल्या आहेत. तू त्यांची फक्त मान आवळतोस, त्यामुळे अंग तेवढंच राहतं आणि तुझ्या रायफलीत शिरत नाही. साचा पूर्ण खाली नेलास तर शिरतील.

तेव्हा यंत्र नाही. आणि या वेळी तूही नाहीस. काडतूस नीट भरलं होतंस, फक्त दुसऱ्याच्या मापाचं.

मला आणखीही एक दिसलं आहे, पण ते मी लिहिणार नाही. तूच विचार कर: तुझ्या कॅम्पवर दुसरं कोण झाडतं, आणि झाडल्यावर पुंगळी कुठं टाकायची हे कुणाला माहीत आहे?

इर्या


पेल्की
२४ ऑक्टोबर १९९१

प्रिय इर्या,

तुझे उपकार कसे फेडू? तुझ्यामुळे वेळेवर कळलं. कॅम्पवर कुणीतरी घुसतं!

मी लगेच उर्होला घेऊन गेलो. दाराला नवं कुलूप ठोकलं, बैलाच्या खुराएवढं आहे. किल्ली माझ्या गळ्यात. दारावर पाटीही लावली: "आत चोरण्यासारखं काही नाही. तरी यायचं असेल तर आधी माझ्याशी बोल. आर्मस निस्कानेन." उर्होचं मत होतं की पोलिसांचं नाव घाल, पण मला वाटलं चोराला उगीच डिवचू नये.

विचित्र चोर आहे. छपराचा फाटलेला डांबरी कागद बदललेला आहे. सौनाच्या दाराची बिजागरी आता करकरत नाही. मी उर्होला म्हणालो, याचा बेत मुक्काम ठोकायचा आहे. उर्हो डोकं खाजवत गाडीत जाऊन बसला.

घरी येऊन सैमाला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "आर्मस, तू फार हुशार आहेस," आणि हात न धुताच बाहेर गेली. तिला काय झालं कळत नाही. तीही घाबरली असेल.

यंत्राचं कळलं. मीही नाही असं तू लिहिलंस ते चार वेळा वाचलं. पण त्या वेळचं फुस्स झालेलं काडतूस तर माझंच होतं ना? बसलं नाही ते वेगळं, आणि भरलंच नाही ते वेगळं. लेनर्डला सांगावं असं अजून माझ्याकडे काही नाही.

आर्मस


लुइस्टन
३० ऑक्टोबर १९९१

आर्मस,

प्रिय वगैरे पुढच्या पत्रात.

रविवारी सैमाचा फोन आला होता. ती अर्धा वेळ हसत होती आणि अर्धा वेळ नव्हती. तू तुझ्या मुलाला कुलूप घातलं आहेस.

त्या सहाही पुंगळ्यांच्या टोपीवर घोड्याचा ठोका मधोमध नाही. घड्याळात सात वाजतात त्या जागी आहे. असा ठोका मारणारी एकच रायफल मला माहीत आहे. नऊ वर्षांची असताना मामांनी माझ्या खांद्याला टेकवून ती झाडायला लावली होती, खांदा आठवडाभर निळा होता. तुझ्या बाबांची रायफल. ती तू लेनर्डला त्याच्या अठराव्या वाढदिवसाला दिलीस.

तीन वर्षं तो मोसम नसताना कॅम्पवर येतो. लाकडं त्यानं रचली, छप्पर त्यानं नीट केलं. रायफलीचं निशाण जुळवायला पाच-दहा गोळ्या झाडतो आणि पुंगळ्या डब्यात टाकतो, कारण सहा वर्षांचा असल्यापासून तेच करत आला. सैमाला माहीत होतं. तिला गप्प राहायला त्यानंच सांगितलं होतं. तुम्ही निस्कानेन लोक एकमेकांची लाकडं फोडाल, पण एक वाक्य बोलणार नाही.

शनिवारी तो कॅम्पवर आला होता. कुलूप पाहिलं, पाटी वाचली आणि परत गेला. रात्री सैमाला फोनवर म्हणाला, "बाबांनी माझ्यासाठीच लिहिलंय ना ते?"

आता पुढचं तुझ्या हातात आहे. ते थरथरणारे असोत नाहीतर कसेही.

इर्या


पेल्की
४ नोव्हेंबर १९९१

लेनर्ड,

हवा बरी आहे. वारा वायव्येचा.

सोबत कुलपाची किल्ली पाठवतो. कुलूप चोरासाठी होतं. मला माहीत नव्हतं. छप्पर चांगलं केलंस. कागद एकावर एक चार बोटं चढवलास तेच बरोबर, मी दोनच चढवायचो.

माझ्याकडे अठरा काडतुसं पडून आहेत. उन्हाळ्यात भरली होती, माझ्या रायफलीत बसत नाहीत. ती तुझ्या रायफलीच्या पुंगळ्यांची आहेत, तिच्यात बसतील. पण मी सांगतो म्हणून झाडू नकोस. टपालानं ती पाठवता येत नाहीत. तू ये, तुझ्या भरवशाचा तराजू आण आणि एकेक फोडून बघ. सगळी फोड. मी समोर बसेन आणि काही बोलणार नाही.

त्या वेळी तू बरोबर होतास. दुसरा कॅम्प बघ म्हणालो ते चूक होतं.

आई बरी आहे.

बाबा


पेल्की
१९ नोव्हेंबर १९९१

प्रिय इर्या,

कुणी गेलेलं नाही. ते आधी सांगतो.

लेनर्ड नऊ तारखेला आला. केस पांढरे झालेत, कानांजवळ. सैमानं त्याला दारातच धरलं आणि सोडेना. मी मागं उभा होतो. तो म्हणाला, "वारा अजून वायव्येचाच आहे." मी म्हणालो, "हो."

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं तराजू मांडला. गोळी उपसायचं ते हातोडीसारखं हत्यार आणलं होतं, त्यात काडतूस अडकवून ओंडक्यावर आपटलं की गोळी सुटते आणि दारू खाली पडते. सैमा म्हणाली, "माझ्या टेबलावर नको." मग ओंडका जमिनीवर घेतला. तो आपटायचा, दारू पारड्यात ओतायचा, काटा थांबेपर्यंत बघायचा आणि म्हणायचा, "बरोबर." माझी तीन महिन्यांची मेहनत एकेक करून फुटत होती आणि मी हात मांडीखाली घालून बसलो होतो. सातव्याला सैमानं निसू, वेलदोड्याचा गोड पाव, कापला, कुणी खाल्ला नाही. बाराव्याला मला वाटलं आता पुरे, पण बोलायचं नाही असं मी लिहून दिलं होतं.

सोळा बरोबर निघाली. सतरावं आपटून त्यानं काटा पाहिला. पारडं रिकामं करून पुन्हा तोललं. दारू कमी होती. फार नाही, पण कमी. मी तराजूकडे बघत होतो, तो माझ्याकडे बघत नव्हता.

"दार उघडं असेल," तो म्हणाला. "वाऱ्यानं काटा हलतो, बाबा. कुणाचंही होतं."

इर्या, मे महिन्यापासून मी पट्टीला बोल लावले, दट्ट्याला लावले, पकडीला लावले. आता वारा आयता हातात आला होता. पण तोंडातून निघालं ते असं: "दार बंद होतं. मीच कमी घातली."

त्यानं अठरावं फोडलं. ते बरोबर होतं. मग हत्यार खाली ठेवून म्हणाला, "अठरात एक. माझ्यासाठी एकही जास्त आहे."

"मला माहीत आहे."

"मग दारू मी तोलतो. टोपी बसवणं, गोळी बसवणं, दांडी ओढणं तुमच्याकडे. माझा हात दांडीला जड पडतो, मी गोळ्या वाकड्या बसवतो. घरी तीन पेट्या फुकट घालवल्यात."

"तुझ्याकडे यंत्र आहे?"

"तीन वर्षं झाली. तुमच्यासारखंच, फक्त नव्या रंगाचं."

"साचा किती खाली बसवतोस?"

"नाणं मावेल एवढी फट."

सैमा म्हणाली, "अरे देवा, दोन झाले."

त्या दुपारी आम्ही चाळीस भरली, वीस त्याची, वीस माझी. दोन वेगळ्या पेट्यांत ठेवली. माझ्याच पेटीवर त्यानं माझं नाव लिहिलं, मी विसरेन म्हणून. माझी काडतुसंही त्याच्या तराजूतून गेलीत, तेव्हा मला बरंच वाटलं.

तू विचारशील की मग हरिण मिळालं का. नाही. चौदा तारखेच्या संध्याकाळी दोघं कॅम्पवर गेलो आणि चार दिवस एकाच मचाणावर बसलो, कारण शिडी चढताना माझा गुडघा त्याला मागून ढकलावा लागतो. पहिल्या सकाळी त्यानं हळूच विचारलं, आजोबांनी ही रायफल कुणाकडून घेतली? मी सांगायला लागलो. मग ते सांगताना दुसरं निघालं. मग त्यानं त्याच्या नोकरीचं, गिरणीतलं सांगितलं. हरणाच्या पाऊलखुणा ताज्या होत्या, सगळ्या मचाणाकडे यायच्या आणि तिथून वळून पळायच्या. आम्ही एकही गोळी झाडली नाही. आजूबाजूचे कॅम्पवाले दोन-दोन नर घेऊन गेले.

रिकाम्या हातांनी घरी आलो तर सैमा म्हणाली, "तीन वर्षं तोंड मिटून बसलात, आणि जिथं खरंच तोंड मिटून बसायचं असतं तिथं दोघांना बोलायला सुचलं!"

मोसम तीस तारखेपर्यंत आहे. तो शुक्रवारी पुन्हा येतोय.

तुझा
आर्मस